सुरतेच्या गच्चीवरून

सुरत म्हटली की मराठी माणसाला प्रथम इतिहासाचे पान आठवते. १६६४ आणि १६७० ही दोन साले आमच्या शाळेतील लहान मुलालाही मुखोद्गत असतात. मात्र ती म्हणून दाखविताना तो वर्गाच्या खिडकीतून बाहेरच्या शहराकडे हळूच, काहीसे ओशाळून पाहतो. ज्या शहराने आपल्या बापाला काम दिले आणि आजीला औषध दिले, त्याच शहराविषयी आपण बोलत आहोत, हे त्याला न सांगता कळत असावे. इतिहासाचे पान उलटले की मग येते ती खाण्याची सुरत. चांदनी पडव्याची घारी, हिवाळ्यातील पोंक आणि सकाळचा लोचो ही तिची दैवते. त्यानंतर कापडबाजार आणि हिरे. पाहुण्यांना सुरत दाखवावयाची ती एवढीच, असा आपला सर्वांचा समज असतो.

मला मात्र सुरत आठवते ती गच्चीवरून. सुरती माणसाचे अर्धे आयुष्य गच्चीवर जाते असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. उन्हाळ्यात तो तेथे निजतो, हिवाळ्यात उंधियुंची पातेली तेथेच उघडतो आणि उत्तरायणाच्या दिवशी तर खाली उतरावयाचे नावच घेत नाही. माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस, या गच्च्यांवर पतंगांचा एक नवा वैरी उभा राहिला होता. वीस-पंचवीस फुटी लोखंडी नळ, त्याला तारांचे ताण आणि टोकाला माशाच्या काट्यासारखा पसरलेला अ‍ॅल्युमिनियमचा अँटेना. संक्रांतीनंतर कित्येक दिवस त्या काट्यात फाटलेले पतंग फडफडत राहत आणि खाली घरात चित्र हलले की मोठी माणसे आम्हा मुलांना वर पिटाळीत, “जा, दोरा काढून ये!”

या सगळ्या अँटेनांचे तोंड दक्षिणेला, मुंबईकडे असे. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सुरत तेथून रेल्वेने सुमारे २६० किलोमीटर. दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल असल्याने एवढ्या अंतरावर त्या डोक्यावरून निघून जावयाच्या. शास्त्राप्रमाणे आम्हाला काही दिसावयास नको होते. पण मुंबई आणि सुरत यांच्यामध्ये समुद्राचा किनारा आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी पाण्यालगत दमट, थंड हवेचा थर आणि त्यावर उष्ण हवेचा थर साचला की त्या लहरी वाकतात आणि क्षितिजापलीकडे उतरतात. हे कारण मला पुष्कळ वर्षांनी पुस्तकात सापडले. तेव्हा आम्ही एवढेच जाणत होतो की वारा पडला आणि अंगाला घाम चिकटू लागला की आज मुंबई दिसणार. इतर लोक उकाड्याने हैराण होत. आम्ही मात्र उकाड्याची प्रार्थना करीत असू.

आमचे बिऱ्हाड सलाबतपुऱ्यात होते. वडील नंदुरबारकडचे, सुरत-भुसावळ लोहमार्गाने जी हजारो खानदेशी कुटुंबे मागांच्या आवाजाच्या दिशेने सुरतेस आली, त्यांपैकी आम्ही एक. आमच्याकडे दूरचित्रवाणी संच असण्याचा प्रश्नच नव्हता. संच होता तो शेजारच्या काकांकडे. ते जरीच्या धंद्यातले, अस्सल सुरती. त्यांनी संच घेतला तो रविवारच्या चित्रपटासाठी, ‘छायागीता’साठी आणि मुंबईहून होणाऱ्या ‘आवो मारी साथे’सारख्या गुजराती कार्यक्रमासाठी. परंतु मधल्या वेळेत जे मराठी येई, त्या वेळी ते भिंतीवर दोनदा ठोकीत. ती आम्हा मराठी बिऱ्हाडांना वर्दी असे. मग माझी माय, शेजारच्या दोघी-तिघी बायका आणि आम्ही पाच-सहा पोरे त्यांच्या बैठकीत जाऊन जमिनीवर बसत असू.

तेथे मी ‘चिमणराव’ पाहिले. दिलीप प्रभावळकर यांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ ही जोडी त्या वेळी मराठी घराघरांत जाऊन बसली होती. पुण्या-मुंबईकडील वाचकांनी ती मालिका स्वच्छ पाहिली असेल. आम्ही ती मुंग्यांच्या वारुळातून पाहिली. पडद्यावर सतत पांढऱ्या-काळ्या मुंग्या धावत असत. त्यांतून कधी चिमणरावांचा चष्मा दिसे, कधी गुंड्याभाऊंच्या मिशा. आवाज मात्र बहुधा येई. काका मध्येच विचारीत, “हुं कह्युं?” आणि माय आपल्या मोडक्यातोडक्या गुजरातीत त्यांना विनोद समजावून सांगे. विनोद समजावून सांगितला की तो मरतो असे म्हणतात. पण काका प्रत्येक विनोदाला दोनदा हसत. एकदा आम्ही हसलो म्हणून आणि दुसऱ्यांदा त्यांना कळला म्हणून.

त्या वेळी आम्हाला ठाऊक नव्हते की हे चिमणराव वास्तविक आमच्या शेजारचेच आहेत. त्यांचे जनक चिं. वि. जोशी जन्माने पुण्याचे, पण त्यांचे कर्तृत्वाचे आयुष्य गेले ते बडोद्यास. तेथील महाविद्यालयात ते पाली शिकवीत आणि संस्थानचे दप्तरखातेही त्यांनी सांभाळले. १९४० साली ‘लग्न पहावे करून’ या बोलपटात दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनी ही जोडी पडद्यावर आणली, तेव्हाही तिचे लेखक गुजरातेतच होते. म्हणजे उत्तरेस सव्वाशे किलोमीटरवर गुजरातच्या मातीत लिहिलेला विनोद दक्षिणेस मुंबईला गेला आणि समुद्रावरून वाकून पुन्हा गुजरातेत, आमच्या सलाबतपुऱ्यात उतरला. बृहन्महाराष्ट्र, बृहन्महाराष्ट्र म्हणून आपण जे म्हणतो, त्याचा याहून चांगला दाखला मला आजवर मिळालेला नाही.

पण मालिका पाहणे म्हणजे केवळ तो अर्धा तास नव्हे. खरी मालिका चाले ती उरलेल्या सहा दिवसांत. मुंग्यांमुळे भाग कधीच पूर्ण दिसत नसे. ऐन रंगात चित्र जाई आणि ते परत येईतो कथा पुढे गेलेली असे. मग दुसऱ्या दिवशी नळावर चर्चा सुरू होई. मधल्या काळात काय झाले असेल, याविषयी प्रत्येकीचे मत वेगळे. माझ्या मायचे कथानक सर्वांत सरस असे. ती नेहमी गुंड्याभाऊंना जास्त काम देई. पुढच्या आठवड्यात तिचा तर्क खोटा ठरला तरी तिला त्याचे वैषम्य वाटत नसे. मूळ लेखकाला सुचले नाही, त्याला कोण काय करणार, असा तिचा एकंदर भाव असे.

हे आठवड्याआठवड्याने वाट पाहणे आपल्या लोकांना नवे नव्हते. १८९० साली हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः दिली, तेव्हा यमूचे पुढे काय होते याची वाट पाहणारे वाचक आपल्याकडे होतेच. त्याच्या अर्धशतक आधी विलायतेत डिकन्सच्या कादंबऱ्या महिन्याच्या महिन्याला अशाच हप्त्याहप्त्याने निघत होत्या. आणि ज्यांना वाचता येत नव्हते, ते चातुर्मासात श्रीधरस्वामींचा ‘रामविजय’ रोज एक अध्याय ऐकत होते. रामाचे पुढे काय होते हे सर्वांना माहीत असे. तरीही पोथी बांधली की उद्याची वाट लागे. माझ्या मायचे वडील असे पोथी ऐकणारे होते. तिला वाट पाहण्याचे शिक्षण घरीच मिळाले होते.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगणे मला सुखाचे नाही.

आमच्या घरची बोली अहिराणी. ‘आहे’ला ‘शे’ म्हणावयाचे, ‘मला’ला ‘माले’, मुलाला ‘आंडोर’ आणि आईला ‘माय’. पडद्यावरील मुले मात्र ‘आई’ म्हणत. बातम्या देणाऱ्या बाई कशा तोलून-मापून, स्वच्छ बोलत. त्या काळी मुंबई केंद्रावर मराठी बातम्या वाचणाऱ्यांत स्मिता पाटील यांच्यासारख्या व्यक्ती होऊन गेल्या होत्या. मला वाटू लागले की मराठी ती हीच; आमच्या घरात चालते ते काहीतरी दुसरेच, लपवून ठेवण्यासारखे. नऊ-दहा वर्षांचा असेन. एके दिवशी काकांच्या बैठकीत, सर्वांसमक्ष, मी मायला म्हणालो, “असे नाही म्हणायचे, तसे म्हणायचे.” आणि तिला ‘आई’ अशी हाक मारली. बैठकीत कोणी काही बोलले नाही. ती किंचित हसली आणि बाजूच्या बाईला म्हणाली, “मना आंडोर आते साहेब व्हयी गया.” त्या दिवसापासून मी तिला आईच म्हणू लागलो. ती ओ देत राहिली. पण काकांच्या बैठकीत ती पूर्वीइतकी बोलेनाशी झाली आणि गुंड्याभाऊंना कामे देण्याचेही तिने कमी केले. हे माझ्या ध्यानात यावयास बारा-पंधरा वर्षे जावी लागली.

पुढे १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि १९८४ च्या सुमारास देशभर गावोगावी लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहू लागली. आमच्या शहरातही चित्र स्वच्छ झाले. मुंग्या गेल्या. पण मुंग्यांबरोबर मराठीही गेली. कारण स्वच्छ चित्र बोलत होते ते हिंदी आणि गुजराती. काकांच्या सूनबाईंना साहजिकच स्वच्छ चित्र हवे होते. एका रविवारी अँटेनाचे तोंड फिरवायला माणूस आला, तेव्हा माय आमच्या दारात उभी राहून वर पाहत होती. ती काही म्हणाली नाही. काकांनी ते पाहिले असावे. संध्याकाळी आम्ही पाहिले तो त्याच नळावर एकाखाली एक असे दोन अँटेना होते. एक नव्या केंद्राकडे, दुसरा पूर्ववत दक्षिणेला. खिडकीत एक खटका बसविला होता. “आ तमारुं मुंबई,” असे म्हणून काकांनी तो मायला दाखविला. दोन भाषांनी शेजारी म्हणून कसे राहावे यावर मी नंतर अनेक व्याख्याने ऐकली. त्या खटक्याइतके सुबोध एकही नव्हते.

त्याच वर्षी, ७ जुलै १९८४ रोजी, ‘हम लोग’ सुरू झाली. या मालिकेमागील प्रेरणा मेक्सिकोची. तेथे लोकशिक्षणासाठी मालिकांचा उपयोग केला जातो, हे त्या देशाच्या भेटीत वसंत साठे यांनी पाहिले आणि तो विचार इकडे आणला. मनोहर श्याम जोशी यांनी ती लिहिली आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार प्रेक्षकांशी दोन शब्द बोलत. १७ डिसेंबर १९८५ ला ती संपली तेव्हा आमच्या गल्लीत एखादे बिऱ्हाड गाव सोडून गेल्यासारखी सुन्नता होती. त्यानंतर फाळणीची कथा सांगणारी ‘बुनियाद’ आली, ‘नुक्कड’ आली. आणि २५ जानेवारी १९८७ च्या रविवारी सकाळी साडेनऊ वाजता ‘रामायण’ सुरू झाले.

त्याचे वर्णन मी काय करावे? ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना ते सांगावयास नको आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना ते खरे वाटणार नाही. त्या तासात सुरतेचे रस्ते ओस पडत. तोवर आमच्याही घरी हप्त्यावर घेतलेला काळा-पांढरा संच आला होता. पण माय ‘रामायण’ पाहावयास काकांकडेच जाई. राम एकट्याने पाहावयाचा नसतो, असे तिचे म्हणणे.

या ‘रामायणा’ची अयोध्या, लंका आणि पंचवटी सुरतेच्या दक्षिणेस उंबरगावला उभारलेली आहे, हे कळल्यावर मायने हट्टच धरला. १९८८ च्या उन्हाळ्याच्या सुटीत मी तिला घेऊन निघालो. मी तेव्हा महाविद्यालयात होतो. पॅसेंजर गाडीने नवसारी, बिलिमोरा, वलसाड, वापी अशी स्टेशने घेत उंबरगाव रोडला उतरलो. सुरतेपासून हे सुमारे १२० किलोमीटर. पुढे लगेच महाराष्ट्र लागतो. स्टेशनापासून गाव समुद्राकडे. टांग्यातून जाताना दोन्ही बाजूंना चिकूच्या आणि ताडाच्या बागा.

स्टुडिओच्या दाराशी आमच्यासारखी शंभर-दोनशे माणसे उभी होती. कोणी नारळ आणला होता, कोणी आजारी मूल. दार बंद होते. आम्ही तासभर उभे राहिलो आणि मग चहाच्या टपरीवर बसलो. टपरीवरील म्हातारी मराठी बोलत होती. मात्र मराठी म्हणता म्हणता ती गुजराती होई आणि गुजराती म्हणता म्हणता मराठी. तिने सांगितले की तिचे लग्न झाले तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. १ मे १९६० ला उंबरगाव तालुक्यातील गावे गुजरातेत आली. तशीच पश्चिम खानदेशातील नवापूर, तळोदे, नंदुरबारकडची काही गावेही आली. “आम्ही कुठे गेलो नाही, जिल्हाच गेला,” असे ती म्हणाली. हे ऐकून मायला काय वाटले कोण जाणे. ती एकदम मोकळी होऊन तिच्याशी बोलू लागली, आणि तेही अहिराणीत. पुष्कळ वर्षांनी मी तिला परक्या माणसाशी तशी भरभरून बोलताना पाहिले. दोघींना एकमेकींचे निम्मे शब्द कळत नव्हते. दोघींनाही त्याची अडचण वाटत नव्हती. मी चहाचा पेला हातात धरून गप्प बसलो होतो. मी मध्ये बोललो असतो तर ते शुद्ध मराठीत बोललो असतो, आणि ते तिघांपैकी कोणाचेच नव्हते.

परतीच्या गाडीत माय म्हणाली, “अयोध्या दिसनी नही, पन समुद्र दिसना.” सुरतेत वीस वर्षे राहून तिने त्यापूर्वी समुद्र पाहिलेला नव्हता.

नंतर मी एम. ए. करण्यासाठी बडोद्यास महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेलो. चिं. वि. ज्या महाविद्यालयात शिकवीत, तेच पुढे या विद्यापीठात सामावले गेले. त्या भव्य घुमटाखालून जाताना मला नेहमी चिमणराव आठवत. अभ्यासक्रमात बहिणाबाई चौधरी होत्या. जळगावकडील या निरक्षर शेतकरी बाईंच्या तोंडच्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्या १९५२ साली पुस्तकरूपाने बाहेर आल्या आणि अवघा महाराष्ट्र थक्क झाला. बहिणाबाईंची बोली लेवा पाटीदारांची, आमची अहिराणी. दोन्ही खानदेशच्याच मातीतल्या बहिणी. मी त्या बोलीच्या सौंदर्यावर आठ पानी उत्तर लिहिले आणि मला उत्तम गुण मिळाले. रात्री वसतिगृहाच्या खाटेवर पडलो असता मला काकांची बैठक आठवली. जी बोली परीक्षेत मला गुण देत होती, तीच मी एका बाईच्या तोंडून काढून घेतली होती. आणि ती बाई माझी माय होती.

सुट्टीत घरी गेल्यावर मी तिला ‘माय’ म्हणावयाचा प्रयत्न केला. जिभेला ते जमेना. ती म्हणाली, राहू दे, आई म्हणालास तरी मलाच म्हणतोस ना! माणसाला क्षमा इतक्या सहज मिळू नये असे मला कधी कधी वाटते.

१९९९ साली उपग्रहावरून ‘अल्फा मराठी’, म्हणजे पुढची ‘झी मराठी’, सुरू झाली आणि पहिल्यांदा मराठी आमच्या घरी मुंग्यांशिवाय आली. ‘आभाळमाया’ आली, २००१ मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. त्यातील आबांचा आवाज ऐकताच माय उठून बसली आणि म्हणाली, हे तर आपले चिमणराव! वीस-बावीस वर्षे मध्ये गेली होती. मुंग्यांतून तिने चेहरा नीट कधी पाहिलाच नव्हता, परंतु आवाज तिने जपून ठेवला होता.

त्यानंतर मात्र रोजच्या मालिकांचा काळ आला. मी त्यांची निंदा करणार नाही. परमुलखातील मराठी घरात रोज संध्याकाळी दोन तास मराठी ऐकू येते, हे ऋण लहान नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचे पाणी सोडले गेले आणि तापीने जवळजवळ सारी सुरत कवेत घेतली, तेव्हा आम्ही गच्चीवर त्याच जुन्या नळाला प्लॅस्टिकचे कापड बांधून दिवस काढले. खाली घरातील संच पाण्यात होता. पाणी ओसरून दूरध्वनी सुरू झाला तेव्हा मायने नंदुरबारला आपल्या बहिणीला फोन केला. आम्ही सुखरूप आहोत, एवढे एक वाक्य सांगितले, आणि दुसरे वाक्य, “‘वादळवाट’मध्ये काय झाले?” घरात गुडघाभर चिखल होता. माझी पत्नी रडता रडता हसू लागली. मला तेव्हा कळले की हा चाळा नव्हे. सर्व काही वाहून गेले तरी कोठेतरी एक गोष्ट पुढे चालू आहे, ही खात्री माणसाला हवी असते.

तरीही रोजच्या भागाने एक वस्तू हिरावून नेली, ती म्हणजे मधले सहा दिवस. काल काय झाले यावर बोलावे तो आजचा भाग समोर उभा. नळावरची चर्चा थांबली, तर्क थांबले. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या काळात, दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविले, तेही दररोज, सकाळी आणि रात्री. रस्ते पुन्हा ओस होते. पण १९८७ मध्ये ते ओस पडत कारण सर्व माणसे एका घरात जमत, आणि आता ओस होते कारण कोणी कोणाकडे जाऊ शकत नव्हते. माय आता थकली होती. दोन-तीन दिवस पाहून ती म्हणाली, रोज दोनदा राम येतो, मग वाट कोणाची पाहावयाची? आणि तिने भिंतीकडे पाहिले. पलीकडे काका राहिलेले नव्हते. त्यांचा नातू होता. मी उठून भिंतीवर दोनदा ठोकले. थोड्या वेळाने पलीकडूनही दोनदा आवाज आला. त्या मुलाला त्याचा अर्थ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पुढील वर्षी माय गेली.

सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी अशा माध्यमांच्या शाळा चालविते. ही गोष्ट अन्य शहरांनी शिकण्यासारखी आहे. माझी शाळाही अशीच सरकारी, मराठी माध्यमाची. उधना, लिंबायत, पांडेसऱ्याकडील मागकामगारांची मुले तिच्यात येतात. घरी आजीशी अहिराणी, गल्लीत गुजराती, बाजारात हिंदी आणि निबंधात मालिकांची मराठी अशा चार भाषांत ती वावरतात. ‘माझी आई’ या निबंधात एका चौथीच्या मुलीने लिहिले की माझी आई सोशीक आहे, पण वेळ आली की ती कोणाचेही कारस्थान उधळून लावते. तिची आई साड्यांना टिकल्या लावण्याचे काम करते. मी त्या निबंधावर लाल शाई वापरली नाही. मी तिला विचारले, तुझी आई रागावली म्हणजे काय म्हणते, ते तिच्याच शब्दांत लिहून आण. दुसऱ्या दिवशी तिने चार ओळी आणल्या. त्या अहिराणीत होत्या आणि त्यांत एकही कारस्थान नव्हते.

त्यानंतर मी शनिवारी शेवटच्या तासाला ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ वाचावयास घेतले. घंटेपूर्वी ऐन रंगात पुस्तक मिटतो. मुले ओरडतात, मी ऐकत नाही. अट एकच ठेवली आहे. मधल्या सहा दिवसांत ही गोष्ट घरी आजीला किंवा आजोबांना, त्यांच्या बोलीत सांगावयाची आणि पुढे काय होईल असे त्यांना वाटते ते सोमवारी येऊन मला सांगावयाचे. परवा एक मुलगा म्हणाला, “सर, आमनी आजी म्हणस, गुंड्याभाऊले जास्त काम द्या.” वर्गात दोघे-तिघे त्याच्या बोलीला हसले. मी त्याला फळ्यापाशी बोलावले आणि तेच वाक्य फळ्यावर लिहावयास सांगितले. त्याने ते लिहिले. मी ते पुसले नाही; दुपारपर्यंत ते फळ्यावर होते.

आमच्या गच्चीवरील नळ अजून उभा आहे. दोन्ही अँटेना केव्हाच गंजून गेले. उत्तरायणाला मुलांचे पतंग अजूनही त्यात अडकतात आणि ते काढावयास मीच वर जातो. दक्षिणेकडे पाहिले तर आता उंच इमारतींखेरीज काही दिसत नाही. पूर्वीही काही दिसत नसे. पण त्या बाजूने काहीतरी येणार आहे, एवढे मात्र आम्हाला आठवडाभर माहीत असे.